बिनसाखरेचं पान

प्रिय धाकटे,

एका भिंतीपलीकडे राहणाऱ्या बाईला एवढं लांबलचक पत्र लिहायचं म्हणजे माझं मलाच हसू येतं आहे. आत्ता मी इकडे लिहिते आहे आणि तिकडे तुझा मिक्सर सुरू आहे. झाकण नीट बसलेलं नाही, आवाजावरून कळतं, जरा दाबून धर. फोनच केला असता, पण आपल्या दोघींच्याही घरात फोन वाजला की “कोणाचा गं?” करत चष्मा शोधणारी माणसं आहेत. गच्चीवर कपडे वाळत घालताना बोलावं, तर आमच्या ह्यांना नेमकी तेव्हाच टाकीतल्या पाण्याची काळजी वाटते. म्हणून हे पत्र इस्त्रीवालीच्या हाती देते आहे, तुझ्या उशांच्या अभ्र्यांच्या घडीत घालून. तिला सांगेन, पावती आहे. ती पाकिटाची जाडी बोटांनी चाचपणार आणि म्हणणार, “बरीच मोठी खरेदी केलेली दिसतेय.”

विटा आल्यात ते तू पाहिलंच असशील. तुझ्या बाजूला वाळू, माझ्या बाजूला विटा, खर्च निम्मा निम्मा. भांडणातसुद्धा वाटणी अगदी चोख. विटांचा ढीग बरोबर मधल्या दाराशी आहे आणि मी त्यावर धुतलेली भांडी निथळायला ठेवते, त्यामुळे ह्यांची रोज चिडचिड होते. गवंडी शनिवारी सकाळी येणार, तोही एकच, दोघांनी मिळून ठरवलेला. सहा महिने एकमेकांशी बोलत नसलेल्या दोन चुलत भावांनी गवंडी कसा ठरवला असेल, हे एक कोडंच आहे. पण ठरवला. शनिवारी दुपारपर्यंत तुझं स्वयंपाकघर आणि माझं स्वयंपाकघर यांच्यात दार नसेल, नुसती भिंत असेल.

मला ते नको आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कितीही फाटे फोडले तरी तुला कळेल की गाडी कुठे चालली आहे. तीस वर्षं त्या दारातून आपण काय काय देवघेव केली, त्याची यादी करायला बसले तर शनिवार उलटून जाईल. मी नवी नवी आले तेव्हा दूध उतू घालवण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. तू चार वर्षांनी आलीस आणि वास आला की तिकडून ओरडायचीस, “जाऊबाई, गॅस!” मला टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर माझ्या केसांतल्या गाठी तू सोडवल्यास आणि तुझ्या बालवाडीतल्या पोरांच्या गमती सांगून मला इतकं हसवलंस, की डॉक्टरांनी तुलाच दम दिला. आणि आता हे दार बंद होणार, तेही कशावरून? आपण डोळ्यांनी कधी पाहिलेलं नाही अशा दोन माणसांच्या भांडणावरून.

मागच्या आठवड्यात हे सगळं मला एका परक्या माणसाला समजावून सांगावं लागलं, तेव्हा ते किती विचित्र आहे ते पहिल्यांदा जाणवलं. चौकातलं जुनं जनरल स्टोअर आहे ना, साहेबाच्या राज्यापासूनचं, तिथला मालक. दुकान पाडून मोठं काचेचं करतोय तो. पोटमाळा रिकामा करताना जुन्या खातेवह्यांचे गठ्ठे निघाले. ह्यांना ही बातमी न्हाव्याकडे कळली. एका गालावर साबणाचा फेस तसाच ठेवून घरी आले आणि म्हणाले, “चल, पुरावा सापडला!” त्यांच्या गुडघ्यांना दुकानाच्या पायऱ्या झेपत नाहीत, म्हणून कामगिरी माझ्यावर. मला ते म्हणाले, “तुझी सगळी नोकरी इस्पितळाच्या स्वयंपाकघराचं कोठार सांभाळण्यात गेली. तुला असल्या वह्या वाचायची सवय आहे. बाकी काही बघू नकोस, फक्त कडी कोणी आधी घेतली ते शोध.”

दुकानदार खिळे तोलत होता. मी त्याला म्हटलं, आमच्या घराला शंभर वर्षं होतायत म्हणून आमचे हे आणि त्यांचे चुलत भाऊ मिळून घराण्याची एक पुस्तिका लिहायला बसले. पहिलं प्रकरण गोडीगुलाबीत झालं. दुसऱ्या प्रकरणात दोघांचे आजोबा आले, सख्खे भाऊ. थोरले साहेबाच्या शिक्षण कचेरीत हेडक्लार्क, धाकटे सरकारी शाळेत चित्रकलेचे मास्तर. लाटसाहेब गावात आले तेव्हा मुलांना रस्त्याच्या कडेला उभं करून सलाम ठोकायला लावा, असा हुकूम निघाला. धाकटे म्हणाले, “मी मुलांना रेघ सरळ काढायला शिकवतो, मान वाकवायला नाही,” आणि राजीनामा दिला. तो राजीनामा नेमका थोरल्यांच्या टेबलावर आला आणि त्यांनी त्यावर मंजुरीचा शिक्का मारला. त्या दिवसापासून मधलं दार बंद, अकरा वर्षं. एकमेकांच्या घरचं पाणीसुद्धा प्यायले नाहीत, असं आपल्या दोन्ही घरांत सांगतात. आता आमच्या ह्यांचं म्हणणं, आमच्या आजोबांनी नोकरीचा नियम पाळला, कडी घातली ती धाकट्यांनी. भाऊजींचं, म्हणजे तुझ्या ह्यांचं म्हणणं, आमच्या आजोबांनी मान राखला, कडी घातली ती थोरल्यांनी. ज्याच्या आजोबांनी कडी आधी घातली त्याने तसं पुस्तिकेत लिहावं, नाहीतर दारच नको.

दुकानदाराने तराजू खाली ठेवला. “म्हणजे काकू, भांडण आजोबांचं आणि भिंत नातवांची?” मी म्हटलं, हो. “आणि विटा?” म्हटलं, आल्या. त्याने मला वर जायची शिडी दाखवली आणि म्हणाला, “खुशाल बघा. बघायचे पैसे नाहीत. फक्त दर खेपेला दुकानातलं काहीतरी घेऊन जा, जुना माल काढायचाय.” त्यामुळे माझ्या घरात सध्या कपड्यांचे चिमटे, पाट्या पुसायचे दोन बोळे, एक उंदराचा पिंजरा आणि सात प्रकारचे साबण आहेत. हे विचारतात, “घर आहे की गोदाम?” मी म्हणते, पुरावा आहे.

त्या वह्या वाचायला काय मजा येते म्हणून सांगू! साहेबाच्या बंगल्याची पानं वेगळी, बिस्किटांचे डबे, बुटांचं पॉलिश, आणि एका बाईसाहेबांनी एका उन्हाळ्यात घेतलेल्या सतरा छत्र्या. काय करायच्या होत्या देव जाणे. प्रत्येक घराचं एक पान, रोजचा माल लिहिलेला, आणि जो माल न्यायला येईल त्याने समोर खूण करायची. बायकांना तेव्हा लिहिता येत नसे, म्हणून प्रत्येकीने आपापलं चित्र ठरवलेलं. कोणाचा मासा, कोणाची चांदणी. थोरल्या घराच्या पानावर एक छोटी किल्ली, म्हणजे आमच्या आजेसासूबाई. धाकट्या घराच्या पानावर कंगवा, म्हणजे तुझ्या. चार-पाच दातांचा, पण काय सुबक काढलाय. चित्रकलेच्या मास्तरांची बायको ती. महिन्याच्या शेवटी घरच्या कर्त्या पुरुषाने सगळं पान तपासून खाली सही करायची, अशी त्या दुकानाची रीत होती.

पहिल्या दिवशी मी ह्यांच्या सांगण्याप्रमाणे फक्त आमचंच पान पाहिलं. कडी सापडायच्या आधी दुसरंच काहीतरी डोळ्यांत भरलं. दार बंद झाल्यानंतरच्या पानांवर चहा आहे, साखर नाही. महिनोन्‌महिने नाही. मी भाबडेपणाने घरी येऊन सांगितलं. झालं! ह्यांनी तेवढ्यावर पुस्तिकेचा एक परिच्छेद लिहून काढला, की भावाच्या वियोगाने थोरल्या आजोबांनी आयुष्यातला गोडवाच वर्ज्य केला. लिहिताना स्वतः तीन चमचे साखरेचा चहा पीत होते. दोन दिवसांनी भाऊजीही दुकानात जाऊन आले, हे मला दुकानदारानेच सांगितलं. त्यांनी तुमच्या पानांचे फोटो काढून नेले. तुमच्या पानांवर साखर आहे, चहा नाही. मग तूच नाही का गच्चीवर कुजबुजलीस, की चहाचे मळे साहेबाचे म्हणून धाकट्या आजोबांनी अकरा वर्षं चहा सोडला, यावर भाऊजींनी दीड पान लिहून भिंतीला चिकटवलंय म्हणून?

दोघांनीही आपापलं पान पाहिलं. दुसऱ्याचं पान उघडावं, हे ह्या दोन शहाण्यांच्या डोक्यातच आलं नाही. अर्थात माझ्याही नाही. तिसऱ्या खेपेला दुकानदाराने माझ्यासाठी चहा टाकला आणि कपाळावर हात मारला, “काकू, साखर संपली!” मग तो शेजारच्या शिंप्याकडून वाटीभर घेऊन आला. मी तो चहा प्यायले, आणि अर्धा कप झाल्यावर हातातला कप खाली ठेवून दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडल्या.

धाकटे, मी आयुष्यभर किती माणसांना किती चहा लागतो आणि किती साखर लागते, याचेच अंदाज बांधत आले. थोरल्यांच्या पानावरचा चहा एका घराचा नव्हताच. दोन घरांना पुरेल एवढा होता. आणि धाकट्यांच्या पानावरची साखरही तशीच. दोन्ही पानं एकत्र धर, की एका मोठ्या एकत्र कुटुंबाचं सगळं जमून येतं. आमच्याकडे काड्यापेट्या, तुमच्याकडे घासलेट. आमच्याकडे साबण, तुमच्याकडे नीळ. ज्या दोन घरांनी म्हणे एकमेकांचं पाणी घेतलं नाही, त्यांना रोज सकाळी एकमेकांशिवाय साधा चहासुद्धा करता येत नव्हता. मी पोटमाळ्यावर एकटीच हसत बसले. खालून दुकानदार ओरडला, “काकू, बऱ्या आहात ना?”

मग कडी शोधली. ती आहे. शिक्का मारला त्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी, थोरल्यांच्या पानावर: लोखंडी कडी एक, स्क्रू चार. आणि धाकट्यांच्या पानावर, तीच तारीख: लोखंडी कडी एक, स्क्रू चार. म्हणजे दोघांनी एकाच दिवशी आपापल्या बाजूने कडी लावली. एकाच दुकानातून, एकाच मापाची! तू आत्ता दारापाशी जाऊन बघ. तुझी आणि माझी कडी जुळ्या बहिणींसारखी आहे. तीस वर्षं आपण त्या रोज पाहतो आणि कधी मनातही आलं नाही. पण खरी गंमत पुढे आहे. कड्या आल्या त्याच आठवड्यात, किल्लीच्या खुणेने: बिजागरीचं तेल, लहान बाटली एक. दोन दिवसांनी कंगव्याच्या खुणेने: बिजागरीचं तेल, लहान बाटली एक. पुरुषांनी कड्या आणल्या आणि बायकांनी तेल, दार वाजू नये म्हणून.

दोघी एकमेकींशी काय बोलत असतील, कोण जाणे. ते कुठे लिहिलेलं नाही. पण एका पावसाळ्यात आमच्या पानावर कोयनेलाच्या पुड्या आहेत, म्हणजे घरात हिवताप. आणि त्या पुड्यांसमोर किल्ली नाही, कंगवा आहे. त्या पानावर पुढचे कितीतरी दिवस कंगवाच आहे. आमच्या आजेसासूबाई तापात पडल्या होत्या आणि त्यांचं वाणसामान, त्यांच्या खात्यावर, तुझ्या आजेसासूबाई आणत होत्या. भर चौकातून, सगळ्या गावासमोर, ज्या घराशी म्हणे बोलणं बंद त्या घरासाठी. मग एके दिवशी किल्ली परत आली. जरा वाकडी, हात कापत असणार. तुला आठवत असेल, टायफॉइडनंतर पहिल्यांदा सही केली तेव्हा बँकेने माझा चेक परत पाठवला होता.

तू म्हणशील, वा, बायकांनी पुरुषांना छान फसवलं. मलाही आधी तसंच वाटलं. चौथ्या खेपेला मात्र मी पानांच्या खालच्या सह्या पाहायला लागले. थोरले आजोबा हेडक्लार्क होते गं! साहेबाच्या कचेरीत कोणी टाचणी जास्त मागितली तरी त्यांना कळायचं, अशी त्यांची ख्याती. पानांवर त्यांच्या दुरुस्त्या आहेत, लाल शाईने. “साबण दोन नव्हे, एक.” “वात आखूड निघाली, बदलून द्यावी.” अशा माणसाने ज्या पानावर साखरेचा कण नाही, त्या पानाखाली दर महिन्याला सही केली, आणि सकाळी गोड चहा प्याला. तिकडे मास्तरांनी चहा नसलेल्या पानाखाली सही केली, सुंदर वळणदार, आणि तेही चहा प्याले. दोघांनाही ठाऊक होतं. अकरा वर्षं दोघांनी आपली कडी शाबूत ठेवली आणि बिजागरीला तेल घातलेलं आहे, ह्याकडे कानाडोळा केला. मग थोरले निवृत्त झाले, साहेबाची चाकरी संपली. त्या महिन्यापासून दोन पानांचं एक पान झालं. त्यावर चहा आहे, साखर आहे, आणि खुणांच्या जागी कधी किल्ली, कधी कंगवा. कोण आधी बोललं, ते दुकानात विकत घ्यायची वस्तू नसल्यामुळे लिहिलेलं नाही.

आता तुला वाटेल, मी हे सगळं जेवताना ह्यांना का सांगून टाकत नाही. सांगणार होते. वह्यांचे फोटोही काढून आणलेत. पण मग विचार केला. आमचे हे म्हणतील, दुकान सकाळी उघडल्यावर आधी कोण गेलं ते शोध. भाऊजी म्हणतील, चहा बायको पीत होती, आजोबा नव्हे. दोघेही आणखी एकेक प्रकरण लिहितील आणि शनिवारी गवंडी यायचा तो येईलच. पुरावा दाखवून ही माणसं ऐकणाऱ्यातली नाहीत, ऐकणाऱ्यातली असती तर मला हे पत्र अभ्र्यांच्या घडीत लपवून पाठवावं लागलं असतं का? आपल्या आजेसासवांनी कोणाला काही पटवून दिलं नाही. त्यांनी फक्त वाणसामानाची यादी बदलली.

तेव्हा हे एवढं लांबण लावलं ते कशासाठी, ते आता सांगते. आज सकाळी मी घरातली साखर संपवली. उरलेली डब्यासकट इस्त्रीवालीला देऊन टाकली, म्हणून तर ती आज खुशीत आहे. आता मी साखर आणणार नाही. ह्यांचे गुडघे दुकानाच्या पायऱ्या चढू देत नाहीत, आणि तीन चमचे साखरेशिवाय ते चहाला तोंड लावत नाहीत, त्यामुळे उद्या सकाळी इकडे बराच आरडाओरडा ऐकू येईल. तू काळजी करू नकोस. तुझ्याकडचा चहा आज संपेल असं बघ. माझ्याकडे दोन घरांना पुरेल एवढा आणून ठेवलाय, शेवटच्या खेपेला दुकानदाराने जुना माल म्हणून साबण गळ्यात मारू पाहिला, पण मी म्हटलं, आज चहा. माझ्या बाजूच्या विटा मी दुपारी हे झोपलेले असताना चार चार करून बाजूला केल्या, कडी काढली, बिजागरीला तेल घातलं. तुझ्या बाजूचं तू बघ. उद्या सकाळी दार वाजणार नाही, मी पातेल्यात पाणी ठेवून उभी असेन. येताना एक वाटी साखर घेऊन ये. आणि शनिवारी गवंडी आला की त्यालाही कपभर देऊ. मधल्या दारातच उभा राहून प्यायला सांगू, म्हणजे ज्यांना भिंत हवी आहे त्यांना त्याला दारातून हटवायला आधी एकमेकांशी बोलावं लागेल.

तुझीच,
किल्लीच्या खुणेची थोरली

ता. क. वाटी जरा मोठी आण. हे तीन म्हणतात, पण चार चमचे घालतात.